मका पेरताय? आधी काढणीचा दिवस सांगा

रिमवर्ल्ड, म्हणजे वसाहत वसवून माणसं जगवायचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्या कोल्हापूरकरांची एक खोड सारखी दिसते. स्क्रीनवर ढग दाटले की पेरायला पळायचं. आपली वाढच तशी झालेली: मृग बरसला, वाफसा आला, कुरी धरली. पण या खेळात पिकाला पाणी लागतच नाही. पाऊस पडला तर लागलेली आग विझते, एवढाच त्याचा उपयोग. गगनबावड्यासारखी धो धो जागा घ्या नाहीतर शिरोळसारखी कोरडी, पिकाला काही फरक पडत नाही. पीक ठरतं ते उजेडावर, जमिनीच्या कसावर आणि तापमानावर. यातलं तापमानच आपल्या नजरेतून निसटतं, कारण थंडीनं उभं पीक मेलेलं आपण कधी बघितलेलं नसतं. आपल्याकडं थंडी पडली तर हरभरा खूश.

खेळातलं वर्ष ६० दिवसांचं. एप्रिमे, जुगस्ट, सेप्टोबर, डिसेंबरी असे १५-१५ दिवसांचे चार भाग. उत्तर गोलार्धात वसाहत असेल तर एप्रिमेत वसंत आणि डिसेंबरीत हिवाळा. दक्षिणेत सगळं उलटं, तिथं हिवाळा जुगस्टमध्ये येतो. विषुववृत्ताजवळ कायम उन्हाळा. म्हणून महिन्याच्या नावावर जाऊ नका. वसाहत मांडायच्या आधी नकाशावर जागा निवडताना तिथला ‘ग्रोइंग पिरियड’ वाचा. ६० पैकी किती दिवस पीक वाढणार, ते तिथं सरळ लिहिलेलं असतं. पहिल्यांदाच खेळत असाल तर बारमाही जागा घ्या, लाजायचं काही कारण नाही.

पंचगंगेचं पाणी आपण राजाराम बंधाऱ्यावर बघतो: ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. तशाच पातळ्या इथं तापमानाच्या पाठ करा. ६ ते ४२ अंशांत पीक पूर्ण वेगानं वाढतं. सहाच्या खाली वेग मंदावतो, शून्याला वाढ थांबते. उणे दोनच्या खाली गेलं की झाडं मरायला लागतात, उणे दहापर्यंत शेत साफ. वरच्या बाजूला ४२ नंतर वेग उतरतो आणि ५८ ला थांबतो, पण तिथवर गाडी क्वचितच जाते. खरा शत्रू खालच्या बाजूला आहे.

माझी पहिली वसाहत याच हिशेबात गेली. सेप्टोबरच्या पहिल्या दिवशी ऐटीत मका पेरला. डिसेंबरीच्या पाचव्या दिवशी गोठवणारी थंडी आली आणि ८० टक्के झालेला मका एका रात्रीत करपला. मागं चुलते चहा घेत उभे होते. त्यांनी आयुष्यात गेम खेळलेला नाही. म्हणाले, “पेरलास कधी ते सांगू नगंस, काढणार कधी ते सांग.” आणि वर, “मरतोय दिसल्यावर उभा कशाला ठिवलास? हिरवा कापला असतास तर वैरण तरी झाली असती.” दोन्ही बाबतीत बरोबर होते. ६५ टक्के वाढ झाली की या खेळात पीक कापता येतं, उत्पन्न कमी मिळतं एवढंच. त्या मक्याच्या प्रत्येक झाडामागं २२ च्या जागी १५ तरी दाणे हाती आले असते.

तर काढणीपासून मागं मोजा. झाडं रात्री वाढत नाहीत, हे धरून साध्या जमिनीत भाताला साडेपाच दिवस लागतात, बटाट्याला पावणेअकरा, मक्याला जवळजवळ २१. साध्या जमिनीचा कस १०० टक्के धरला तर कसदार जमीन १४० टक्केवाली, ती मिळाली तर मका १५ दिवसांत, एका भागातच बसतो. अशी जमीन मक्याला किंवा भाताला राखा. माळरानाची खडकाळ ७० टक्क्यांची जमीन बटाट्याला द्या, त्याला कसाचा फार फरक पडत नाही. डेव्हिलस्ट्रँड हे कापडाच्या धाग्याचं पीक म्हणजे इथला आडसाली ऊस, साध्या जमिनीत ४१ दिवसांच्या वर खातो. वसंताच्या पहिल्याच दिवशी लावायचा, नाहीतर त्या वर्षी नाव काढायचं नाही.

वसाहतीतली माणसं बिचारी आज्ञाधारक असतात. तापमान शून्याच्या वर आहे तोवर ती पेरतच राहतात, उद्या गोठणार असलं तरी. पहिल्या थंडीला जितके दिवस उरलेत त्यात पीक बसत नसेल, तर झोनवर, म्हणजे पेरणीसाठी आखलेल्या तुकड्यावर, क्लिक करून पेरणीची परवानगी काढून टाका. वाचलेले हात लाकूडतोडीला लावा.

आता कणगीचा हिशेब. हिवाळा १५ दिवसांचा म्हणून १५ दिवसांचं धान्य ठेवलं की एप्रिमेत उपाशी मराल. शेवटच्या काढणीपासून पुढच्या वर्षीचा पहिला भात हातात येईपर्यंत मोजा, साधारण २५ दिवस धरा. साध्या जेवणाला १० दाणे, माणशी दिवसाला दोन जेवणं, म्हणजे २० दाणे. पाच माणसांना २,५०० लागले. भाताची सव्वाचारशे झाडं, मक्याची ११५ पुरतात. शिवाय मका थंड कोठीशिवाय ६० दिवस टिकतो, भात ४०, बटाटा ३०. उशिरा येणारं पीक असलं तरी हिवाळ्यासाठी मका माझ्या लेखी पहिला. उन्हाळ्यात पोट भरायला भात.

दिव्याखालच्या हायड्रोपोनिक्सची, म्हणजे मातीशिवाय विजेच्या ट्रेमधल्या शेतीची, नवशिक्यांना फार हौस असते. २८० टक्के कस, भात दोन दिवसांत, मोह पडणारच. पण एक सन लॅम्प २,९०० वॅट ओढतो, आणि सोलर फ्लेअर, म्हणजे सूर्यावरचं वादळ, आला की सगळ्या वसाहतीची लाईट जाते. लाईट गेली की त्या ट्रेमधली रोपं मातीतल्या पिकासारखी तग धरत नाहीत, भराभर मरतात. मका तर तिथं लागतही नाही. बॅटरीच्या भरवशावर अख्खं गाव जेवू घालायचं नाही, निम्मं पीक मातीत ठेवा.

आणि ‘कोल्ड स्नॅप’ची सूचना आली तर बाकी कामं सोडा. ही लाट तापमान २० अंशांपर्यंत खाली नेते, पण एकदम नाही, हळूहळू. ते मधले काही तास आपले. खेळ थांबवा, एकेका शेतावर जाऊन वाढ बघा, ६५ च्या वरचं सगळं कापायला लावा. आधी मका, मग बटाटा, कारण गेलेला भात पुन्हा साडेपाच दिवसांत उभा राहतो.