समांतरभुज चौकोनाचा चौथा शिरोबिंदू : आधी कर्ण ओळखा

समांतरभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना दुभागतात. तीन शिरोबिंदूंचे निर्देशक माहीत असताना चौथा काढण्यासाठी या गुणधर्माखेरीज फारसे काही लागत नाही. मात्र कोणता बिंदू कोणाच्या समोर आहे, हे आकडेमोडीला हात घालण्यापूर्वीच ठरवले पाहिजे.

कपाशीचे एक वावर समांतरभुज चौकोनाच्या आकाराचे आहे, असे समजू. वावराजवळची विहीर हा आरंभबिंदू, पूर्वेकडे क्ष-अक्ष, उत्तरेकडे य-अक्ष आणि १ एकक म्हणजे १० मीटर. धुऱ्याने चालत गेल्यास अ (२, १), ब (९, ३) आणि क (११, ९) हे तीन कोपरे ओळीने लागतात, आणि चौथ्या कोपऱ्यावरचा, म्हणजे ड येथील दगड नांगरटीत उखडला गेला आहे.

क्रम अ, ब, क, ड असा असल्याने अक आणि बड हे कर्ण झाले. अक चा मध्यबिंदू (१३/२, १०/२), म्हणजे (६.५, ५). हाच बड चाही मध्यबिंदू असल्यामुळे, ड चे निर्देशक (क्ष, य) मानल्यास ९ + क्ष = १३ आणि ३ + य = १०, म्हणून ड (४, ७). थोडक्यात, समोरासमोरच्या दोन ज्ञात बिंदूंच्या निर्देशकांची बेरीज करून तिसऱ्याचे निर्देशक वजा करावेत.

पडताळा अवश्य घ्यावा. अब आणि डक यांचा चढ २/७ येतो, तर बक आणि अड यांचा ३. समोरासमोरच्या बाजू समांतर असल्याने उत्तर बरोबर आहे. प्रत्यक्ष शेतात मात्र हे गणित आकार खरोखर तसा असेल तरच लागू पडते, आणि हद्दीचा वाद असल्यास भूमी अभिलेख विभागाची मोजणीच करून घ्यावी लागते.

विद्यार्थी सर्वाधिक चुकतात ते क्रमाच्या बाबतीत. ‘चौकोन अबकड’ असे म्हटले असेल तर उत्तर एकच असते, परंतु नुसते तीन शिरोबिंदू देऊन चौथा विचारला असेल तर तिघांपैकी कोणतेही दोन समोरासमोर असू शकतात आणि उत्तरे तीन निघतात : (४, ७), (०, –५) आणि (१८, ११). दुसऱ्या उत्तरातील ऋण चिन्ह पाहून गोंधळण्याचे कारण नाही, कारण तो बिंदू विहिरीच्या दक्षिणेला ५० मीटरवर आहे, एवढाच त्याचा अर्थ. हे तिन्ही बिंदू जोडून होणाऱ्या त्रिकोणाच्या बाजूंचे मध्यबिंदू म्हणजेच मूळचे अ, ब, क; तिन्ही उत्तरे एकदम तपासण्याची ही उत्तम रीत आहे, आणि आलेखकागदावर ती स्वतः काढून पाहावी.

दिलेले तीन बिंदू एकरेषीय असतील, तर समांतरभुज चौकोन होतच नाही.