पप्पांनी लावलेली फाईल

शहाद्याजवळच्या गावातून जळगावला बी.एस्सी.ला आले तेव्हा सोबत दोन बॅगा, एक बादली आणि पप्पांनी लावलेली फाईल होती. नंदुरबारला गाडीत बसल्यापासून दोंडाईचा, अमळनेर, धरणगाव जाईस्तोवर पप्पा एकेक कागद दाखवत होते: हा उत्पन्नाचा दाखला, हे जातीचं, हे नॉन-क्रिमीलेयर. मी नुसती मान हलवत होते. सेतूच्या रांगेत कायम तेच उभे राहिलेले.

तुम्हीही पहिल्यांदाच घर सोडून होस्टेलला येणार असाल, तर घरची आठवण येते, रडू येतं. दिवाळीनंतर ते कमी होतं, त्याबद्दल फार सांगत नाही. माझं घोडं अडलं भलतीकडेच.

महाडीबीटीवर, म्हणजे सरकारच्या शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर, फॉर्म भरला होता. मैत्रिणींचे पैसे आले, माझे नाहीत. मेसचे दोन महिने थकले. शेवटी ऑफिसात जाऊन क्लार्कशी भांडले. त्यांनी शांतपणे विचारलं, "स्टेटस बघितलं का?" ते कुठे बघतात हेच मला ठाऊक नव्हतं. बघितलं, तर पैसे कधीच जमा झालेले! शाळेत असताना गावाकडे उघडलेल्या खात्यात. मी मात्र जळगावच्या नव्या खात्याचं पासबुक रोज भरून आणत होते.

म्हणून हे नीट वाचा. शिष्यवृत्ती आधारशी जोडलेल्या खात्यात पडते, आणि या कामासाठी आधार एका वेळी एकाच खात्याला जोडलेलं असतं. बँकेत आधारची झेरॉक्स दिली म्हणजे जोडणी झाली असं नाही. आधारच्या संकेतस्थळावर 'बँक सीडिंग स्टेटस' दिसतं, फॉर्म भरायच्या आधी ते तपासा. पप्पांनी नाही, तुम्हीच.

क्लार्कची माफी मागायला परत गेले तेव्हा त्यांनी विचारलं, "तुनं गाव कोनतं?" मी अहिराणीतच उत्तर दिलं. तोवर आईचा फोन आला की मी गच्चीवर पळायचे, खोलीत कोणी ऐकायला नको म्हणून. कशाची लाज वाटायची कोण जाणे. रूम पार्टनर रावेरची, तिच्या घरी लेवा बोली, आणि ती खोलीत बसून आईशी मोठ्याने भांडायची.

दुसऱ्या सत्राचा फॉर्म मी एकटीने भरला. चुकला, दुरुस्त केला. पप्पांना दोन दिवसांनी सांगितलं, तर ते जरा गप्पच झाले.

बाकी किरकोळ. दाखल्यांचे फोटो मोबाईलमध्ये ठेवा, मूळ कागद कुणाच्या हाती सोडू नका. आमची मेस रविवारी संध्याकाळी बंद असते, तेव्हा डब्यात मुरमुरे आणि शेव लागतेच. आणि होस्टेलला वरच्या मजल्यावरची खोली हवेशीर म्हणून घेऊ नका. मी घेतली होती. एप्रिलमध्ये रात्री फरशीवर पाणी ओतून अभ्यास केला.