कणमापन यंत्रात कोरडी पावडर एकसारखी कशी सोडावी

लेझर विवर्तनावर, म्हणजे कणांवर पडून लेझर प्रकाश कसा पसरतो त्यावरून आकार काढण्यावर, चालणाऱ्या कणमापन यंत्राचे आकडे दर खेपेला वेगळे येऊ लागले की दोष यंत्राला दिला जातो. बऱ्याचदा गडबड त्याआधीच, पावडर पुढे सरकवणाऱ्या थरथरत्या ट्रेवर झालेली असते.

सुरुवात डब्यापासून. हलवाहलवीत बारीक कण खाली झिरपतात, जाडे वर राहतात. म्हणून वरचा चमचाभर उचलू नका. रिफलर (नमुना सारख्या भागांत वाटणारे साधन) असल्यास उत्तम. नसल्यास पावडरीचा ढीग करून चार भाग पाडा, समोरासमोरचे दोन एकत्र करा, पुन्हा तेच. यंत्रासाठी घेतलेला भाग मात्र सगळाच्या सगळा मोजा. अर्धा ट्रेवर शिल्लक असताना मापन थांबवले, तर बारीक-जाड पुन्हा वेगळे झालेच.

व्हॅक्यूम आणि हवा सुरू करून, पावडर न सोडता बॅकग्राउंड, म्हणजे कण नसतानाचे प्रकाशाचे मापन, घ्या.

आता खरे कसब. हॉपरची (ट्रेवर पावडर सोडणाऱ्या नरसाळ्याची) फट एक-दोन मिलिमीटरवर ठेवा, थरथर कमीपासून वाढवत न्या आणि नजर ऑब्स्क्युरेशनवर, म्हणजे कणांनी किती टक्के प्रकाश अडवला त्यावर ठेवा. कोरड्या मापनात तो साधारण १ ते ५ टक्क्यांत हवा. पिठल्यात बेसन वैरताना जसा हात सलग चालतो, तशी धार हवी. आकडा मधूनच उसळला तर गठ्ठा पडला: फट कमी करा. शून्याकडे गेला तर ट्रे रिकामा जातोय: थरथर वाढवा. चिकट पावडरीला नुसती थरथर पुरत नाही; जाळीच्या टोपलीत स्टीलच्या गोळ्या टाकून ती जाळीतून पाडावी लागते. ओल धरलेली पावडर आधी सुकवा, पण स्फटिकजल (स्फटिकातच बांधलेले पाणी) असलेली भट्टीत तापवू नका.

गुठळ्या सोडवणाऱ्या हवेचा दाब धार जमल्यावरच ठरवा. १, २, ३, ४ बारवर मोजून पाहा. दाबासोबत आकार उतरत जाऊन स्थिरावला तर गुठळ्या सुटल्या. उतरतच राहिला तर कण फुटत असण्याची शंका घ्या आणि द्रवातल्या मापनाशी ताडून पाहा.

शेवटी वेगवेगळे उपनमुने मोजून फरक काढा. अमेरिकी फार्माकोपियाच्या (औषधांच्या मानकांच्या ग्रंथाच्या) ४२९व्या प्रकरणात सापेक्ष प्रमाणित विचलन, म्हणजे सरासरीच्या टक्क्यांत मोजलेला फरक, डी५० (ज्या आकाराखाली ५० टक्के कण येतात तो; डी१०, डी९० तसेच) साठी १० टक्के, डी१० आणि डी९० साठी १५ टक्क्यांपर्यंत चालते. १० मायक्रॉनखालच्या कणांना दुप्पट सूट. त्याबाहेर गेलात तर सेटिंगला हात लावण्याआधी नमुना पुन्हा विभागा.