जर्मन प्राण्यांची नावं फोडताय? या चुका टाळा

जर्मन शिकायला लागलं की समास फोडायचा नाद लागतोच, आणि सुरुवातीला मस्त जमतंही, श्टाखेलश्वाइन म्हणजे काट्यांचं डुक्कर म्हणजे साळिंदर, नीलप्फेर्ड म्हणजे नाईलचा घोडा म्हणजे पाणघोडा. मग येतो माउलवुर्फ, म्हणजे जमिनीखाली बोगदे करणारा मोल, आणि तिथे सगळे फसतात.

माउल म्हणजे जनावराचं तोंड, वुर्फ म्हणजे फेक, झालं, तोंडाने माती फेकणारा! मीही वहीत हेच लिहिलेलं आणि कित्येकांना सांगितलंही. पण मोलचे पुढचे पंजे फोटोत नीट बघा, फावड्यासारखे रुंद, तळवे बाहेरच्या बाजूला वळलेले, माती ढकलायचं काम त्यांचं. जुना शब्द होता मूवेर्फ, मू म्हणजे ढीग, म्हणजे ढीग टाकणारा. पुढे मू कुणाला कळेना, तिथे मोल्ट आलं, म्हणजे माती, तेही वापरातून गेलं तेव्हा ओळखीचं माउल बसलं. आपल्याकडे नाही का, पाव म्हणजे पायाने तुडवलेली कणीक असं छातीठोक सांगतात, शब्द तर सरळ पोर्तुगीजमधून आलाय.

मुरमेल्टीअरचं तेच. मुरमेल्न म्हणजे पुटपुटणं, पण आल्प्समधला हा मार्मोट, म्हणजे खारीच्या कुळातला बिळात राहणारा प्राणी, धोका दिसला की शिट्टी मारतो! नाव मुळात लॅटिन, डोंगरातला उंदीर.

खारीचं आइशह्योर्नशेन तर माझं सगळ्यात लाडकं. आइशे म्हणजे ओक, हॉर्न म्हणजे शिंग, पण खारीला शिंग कुठलं? पहिला भाग जोरात हलण्याच्या एका फार जुन्या धातूशी जोडतात, आणि ईशावास्यातल्या 'तदेजति तन्नैजति' मधलं एजतिही त्याच धातूचं मानतात, हे वाचलं त्या दिवशी मी पुढचा धडा उघडलाच नाही.

उलटी चूकही होते, म्हणजे तुकडे बरोबर पण अर्थ भलताच. मेअरश्वाइनशेन, समुद्राचं छोटं डुक्कर, म्हणजे गिनीपिग, तो काही समुद्रात राहत नाही, दक्षिण अमेरिकेतून समुद्रापलीकडून आला म्हणून मेअर.

तर अडलं की आधी डूडेन या जर्मन शब्दकोशात 'हेरकुन्फ्ट' म्हणजे उगम बघा, जास्त हवं असेल तर डीडब्ल्यूडीएस या ऑनलाइन जर्मन शब्दकोशाच्या साइटवर प्फाइफरचा व्युत्पत्तिकोश फुकट आहे. सगळ्यात जुनं रूप आजच्या तुकड्यांशी जुळत नसेल तर तुमची फोड सोडून द्या.

आणि प्लीज, माउलवुर्फचं भाषांतर चिचुंद्री करू नका, तो वेगळा प्राणी आहे, मराठीत सरळ मोल लिहा.