टाकी भरलेली, रेडिएटर कोरडा: मोटरसायकलची कूलंटची टाकी आणि तिच्या नळ्या कशा तपासाव्यात

मे महिन्यात चाळीसगावहून कन्नडचा घाट चढताना माझ्या गाडीचा टेम्परेचरचा लाल दिवा लागला. दुपारचे दोन वाजलेले, वारा नावालाही नाही. गाडी कडेला घेतली आणि वाकून कूलंटची, म्हणजे इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाची, टाकी बघितली, तर पातळी वरच्या रेघेला टेकलेली. टाकी भरलेली आहे म्हणजे दिवाच खोटा, असं मनाशी ठरवलं, दहा मिनिटं थांबलो आणि पुन्हा चावी फिरवली. दोन वळणांनंतर तोच दिवा. शेवटी गाडी टेम्पोत टाकून खाली चाळीसगावला आणावी लागली. मिस्तरीनं इंजिन पूर्ण गार होऊ दिलं, रेडिएटरचं (ज्या जाळीत कूलंट हवेनं गार होतं तिचं) झाकण काढलं, आत बोट घातलं आणि ते कोरडं बोट माझ्यासमोर धरलं. "टाकी तं भरेल शे भो, मंग पानी कथा गयं?"

पाणी गेलं होतं दोन ठिकाणांमुळे. खालच्या मोठ्या पाइपाच्या क्लिपपाशी थेंबभर गळती होती. गरम इंजिनावर तो थेंब जिथल्या तिथे वाळायचा, म्हणून जमिनीवर कधी डाग दिसला नाही. रोज कमी होणारं ते कूलंट टाकीतून भरून निघायला हवं होतं आणि टाकीची पातळी खाली जाऊन मला कळायला हवं होतं. पण टाकीपासून रेडिएटरपर्यंतच्या बारीक नळीला टोकाशी चीर पडलेली. रेडिएटर टाकीतून कूलंट ओढायच्या ऐवजी त्या चिरेतून हवा ओढत बसला. टाकी जशीच्या तशी भरलेली राहिली आणि मी रोज तिच्याकडे बघून समाधान मानत राहिलो.

एक गोष्ट आधी बघून घ्या. ही टाकी फक्त लिक्विड कूल्ड, म्हणजे कूलंट फिरवून गार होणाऱ्या गाडीला असते. आर १५, एनएस २००, ड्यूक ही त्यातली ओळखीची नावं. स्प्लेंडरसारख्या गाडीच्या इंजिनाला पंख असतात, ती हवेवर गार होते. पल्सर २२० च्या पुढे जे लहान जाळीदार यंत्र दिसतं तो ऑइल कूलर, त्यात इंजिन ऑइल फिरतं. त्या गाडीला कूलंटची टाकी शोधत बसू नका.

टाकी करते काय?

गरम झालं की कूलंट फुगतं. अर्धं ग्लायकॉल आणि अर्धं पाणी असं मिश्रण ३० अंशांवरून १०० अंशांपर्यंत तापलं तर चार टक्क्यांच्या आसपास वाढतं. गाडीत लिटरभर कूलंट असेल तर ४० ते ५० मिली जास्त झालं, म्हणजे अर्धा कटिंग चहा. एवढ्याला कुठेतरी जागा हवी. रेडिएटरच्या झाकणात एक जाड स्प्रिंग असते. आतला दाब ठरलेल्या आकड्यापलीकडे गेला की ती स्प्रिंग उचलली जाते आणि जादा कूलंट झाकणाखालच्या बारीक तोटीतून नळीवाटे टाकीत जातं. बऱ्याच झाकणांवर १.१ बार किंवा त्याच्या जवळपासचा आकडा छापलेला असतो. हा दाब मुद्दाम ठेवलेला असतो. उघड्या भांड्यात हे मिश्रण १०७ अंशांच्या आसपास उकळेल, पण एवढ्या दाबाखाली सव्वाशेच्या पुढेही उकळत नाही.

गाडी गार झाली की उलट होतं. कूलंट आकसतं, आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि झाकणाच्या मधोमध असलेला दुसरा छोटा व्हॉल्व्ह उघडतो. मग टाकीतलं कूलंट त्याच नळीनं परत रेडिएटरमध्ये ओढलं जातं. म्हणून त्या नळीचं टाकीतलं टोक नेहमी तळाशी, कूलंटमध्ये बुडालेलं असतं. रसवंतीवर फाटक्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढून बघा, ग्लास भरलेला असतो आणि तोंडात नुसती हवा येते. माझ्या गाडीत तेच चाललं होतं.

टाकीची दुसरी नळी वरच्या बाजूला असते आणि इंजिनाखाली मोकळी सोडलेली असते. टाकीनं श्वास घ्यावा आणि फार भरली तर जादा कूलंट चाकावर न उडता खाली पडावं, एवढंच तिचं काम.

आपल्याकडे हा सगळा खटाटोप महत्त्वाचा का, त्याचं साधं गणित आहे. रेडिएटर ९५ अंशांवर आहे आणि बाहेरची हवा २५ अंश, तर फरक ७० चा. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात गेला की तोच फरक ५० वर येतो. तेवढ्याच हवेत रेडिएटर जवळजवळ ३० टक्के कमी उष्णता टाकतो. एरवी खपून जाणारी किरकोळ कमतरता मग घाटात उघडी पडते.

पहिलं काम: गार गाडी, सरळ गाडी

तपासणी सकाळी करा. रात्रभर उभी असलेली गाडीच हवी. गरम रेडिएटरचं झाकण फिरवलं तर दाबाखालचं उकळतं कूलंट तोंडावर येतं, आणि कापड धरून हळूच उघडतो म्हणणारेही भाजून घेतात. टाकी कुठे आहे ते गाडीप्रमाणे बदलतं: कुठे उजव्या फेअरिंगच्या (बाजूच्या प्लॅस्टिकच्या आवरणाच्या) आत, कुठे इंजिनाच्या पुढे, कुठे सीटखाली. दुधी रंगाची प्लॅस्टिकची बाटली आणि तिच्यावर दोन रेघा, एवढी खूण पुरते. साइड स्टँडवर पातळी बघू नका. गाडी सपाट फरशीवर कुणाला तरी सरळ धरायला सांगा.

काही मोठ्या मोटरसायकलींत आणि बहुतेक कारमध्ये टाकी स्वतःच दाबाखाली असते. तिथे दाबाचं झाकण रेडिएटरऐवजी टाकीवरच असतं. टाकीच्या झाकणावर बारचा आकडा आणि भाजल्याच्या इशाऱ्याचं चित्र असेल तर ती टाकी त्या जातीची. तिलाही गरम असताना हात लावायचा नाही. खाली सांगितलेली सिरिंजची चाचणी तिच्यासाठी नाही.

दुसरं काम: बारीक नळी

रेडिएटरच्या झाकणाखाली गळ्याला एक तोटी दिसेल. तिथून निघालेली पेन्सिलएवढी नळी बोटानं पकडत पकडत टाकीपर्यंत जा. चेसिसमागे ती कुठे चेपली आहे का, इंजिनाला किंवा सायलेन्सरच्या पाइपाला टेकून चकाकली आहे का, ते बघा. सगळ्यात लबाड जागा म्हणजे टोकं. तारेची क्लिप मागे सरकवा, नळी तोटीवरून काढा आणि टोक दोन बोटांत धरून वाकवा. माझ्या नळीचं टोक सरळ असताना अगदी नवं वाटत होतं. वाकवल्याबरोबर क्लिपच्या दाबाखाली दडलेली चीर जिवणीसारखी उघडली. आत रबर राखाडी झालं होतं आणि नख लावलं की भुगा पडत होता.

डोळ्यांना न दिसणारी चीर शोधायला मोठी सिरिंज घ्या. गुरांच्या औषधाच्या दुकानात ५० मिलीची मिळते. रेडिएटरकडचं टोक काढलेलंच आहे. त्यात सिरिंज घट्ट बसवा आणि हळूहळू हवा सोडा, कुणाला तरी टाकीकडे बघायला सांगा. टाकीच्या तळातून बुडबुडे आले तर नळी धड आहे. बुडबुडे आले नाहीत आणि सिरिंज सहज सरकली तर नळी फाटलीय, किंवा आधी कुणीतरी दोन नळ्यांची अदलाबदल करून ठेवलीय. फेअरिंग काढून परत बसवताना ही अदलाबदल होते, आणि मग रेडिएटर टाकीच्या वरच्या भागातली निव्वळ हवा ओढतो. सिरिंज अजिबात सरकली नाही तर नळी चोंदलीय. तोंडानं फुंकू किंवा ओढू नका. कूलंटमधलं एथिलीन ग्लायकॉल विषारी असतं आणि चवीला गोड लागतं.

खाली सोडलेल्या दुसऱ्या नळीतही अशीच हवा सोडून बघा. गाडी उन्हाळाभर शेडमध्ये उभी असेल तर कुंभारीण माशी तिच्या तोंडात चिखलाचं घर करते. लग्नसराईनंतर काढलेल्या एका गाडीत मी ते पाहिलंय, बोटाच्या पेराएवढा पक्का गोळा! टाकीला श्वासच नाही म्हटल्यावर कूलंट परत कसं जाणार?

तिसरं काम: झाकण

झाकण उलटं करा. खालच्या रबराच्या चकतीवर खोल वळ किंवा भेगा असतील तर झाकण बदला. मधला छोटा व्हॉल्व्ह नखानं हलकेच उचलून सोडा, तो परत जागेवर बसला पाहिजे. क्षारानं चिकटलेला व्हॉल्व्ह हलत नाही, आणि मग गार होताना रेडिएटरचा वरचा पाइप आतल्या ओढीनं चपटा होतो. सकाळी चपटा पाइप दिसला तर आधी झाकणावर संशय घ्या. नवं झाकण त्याच आकड्याचं घ्या. जास्त बारचं घातलं की गाडी जास्त थंड राहते हा निव्वळ समज आहे.

मोठ्या पाइपांना फार वेळ लागत नाही. दाबून बघा: खुसखुशीत लागला, फुगीर झाला किंवा फार मऊ पडला तर गेला. क्लिपच्या कडेला हिरवट किंवा पांढरा खरबरीत थर दिसला तर तिथे थेंब वाळतोय. वॉटर पंपाच्या खाली एक बारीक भोक असतं, तिथून ओल आली तर आतलं सील गेलं. ते भोक एमसील लावून बुजवणारे महाभाग आहेत. मग कूलंट इंजिन ऑइलमध्ये शिरायला वाट शोधतं आणि ऑइल चहासारखं दुधाळ होतं.

चौथं काम: रेघ मारून बघणं

ही चाचणी फुकट आहे आणि मला सगळ्यात जास्त आवडते. सकाळी गार गाडीच्या टाकीवर पातळीला मार्करनं रेघ मारा. धुळ्याहून पारोळ्यापर्यंत जाऊन या, किंवा अर्धा-पाऊण तास कुठेही चालवा. परत आल्या आल्या पातळी बघा, ती रेघेच्या वर गेलेली असली पाहिजे. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा, ती रेघेवर आलेली असली पाहिजे. असं झालं तर झाकण, नळी आणि टाकी तिघं ठीक आहेत.

गरम असताना पातळी हललीच नाही तर ते भरलेल्या टाकीचं सगळ्यात वाईट लक्षण. आधी रेडिएटर उघडून आत बघा. पातळी वर गेली आणि सकाळी उतरलीच नाही तर नळीची चीर किंवा चिकटलेला व्हॉल्व्ह. दर आठवड्याला थोडी थोडी खाली जात असेल तर कुठेतरी गळतंय, आणि टाकी तुम्हाला ते इमानानं सांगतेय. इंजिन चालू असताना टाकीत सतत बुडबुडे येत राहिले तर मात्र हेड गॅस्केटचा (इंजिनाच्या हेडखालच्या सीलचा) संशय घ्या आणि गाडी चांगल्या मिस्तरीकडे न्या.

पाचवं काम: भरणं

रेडिएटर गळ्यापर्यंत आणि टाकी दोन रेघांच्या मधे भरा. वरच्या रेघेच्या पुढे भरलं तर फुगलेलं कूलंट खालच्या नळीनं रस्त्यावर जाईल, बाकी काही मिळणार नाही. झाकण उघडं ठेवून गार इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, गाडी डावी-उजवीकडे झुकवा, बुडबुडे निघून पातळी खाली गेली की पुन्हा भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करून कूलंटची सलग धार आली की आवळा. तयार मिश्रणाचं कूलंट घेतलंत तर त्यात पाणी घालू नका. पातळ करायचं असेल तर डिस्टिल्ड वॉटर आणा. बोअरचं पाणी नको. घरातल्या किटलीच्या बुडाशी जो पांढरा थर बसतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसेल. कूलंटच्या रंगावरून जात ठरवू नका, हिरवं दोन कंपन्यांचं वेगवेगळं असू शकतं. गाडीच्या पुस्तकात जे लिहिलंय तेच आणा, आणि किती वर्षांनी बदलायचं तेही तिथेच बघा.

काढलेलं जुनं कूलंट अंगणात किंवा गटारीत ओतू नका. गोड असल्यानं कुत्री चाटतात आणि मरतात. कॅनमध्ये भरून, वर चिठ्ठी लावून गॅरेजला द्या.

घाटात दिवा लागलाच तर इंजिन बंद करा आणि किमान पाऊण तास झाकणाला हात लावू नका. पूर्ण गार झाल्यावर आत बघा. रेडिएटर रिकामा असेल तर पिण्याचं पाणी घालून जवळच्या गावापर्यंत हळू जायला हरकत नाही. घरी आल्यावर ते पाणी काढून टाका आणि नवं कूलंट भरा. माझ्या सीटखाली आता हातभर बारीक नळी आणि दोन क्लिपा कायम असतात. चिरलेलं जुनं टोकही मिस्तरीनं तेव्हाच कापून हातात दिलं होतं, तेही तिथेच पडलंय.