लघुपट दाखवून लगेच गाडीत बसू नका : बालशोषण आणि मुलांच्या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्यांनी या चुका टाळाव्यात

बाल लैंगिक शोषण, नैराश्य, परीक्षेचा ताण अशा विषयांवरचे लघुपट घेऊन शाळा-महाविद्यालयांत जाण्याचे काम मी गेली दहा-बारा वर्षे करीत आहे. एवढ्या काळात नव्या मंडळींच्या हातून होणाऱ्या चुका मला पाठ झाल्या आहेत. उत्साह सर्वांकडेच असतो, थांबण्याची तयारी मात्र थोड्यांकडे असते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे लघुपट संपला की कार्यक्रम संपला असे मानणे. काही वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावातील एका शाळेत पाचवी ते दहावीची सुमारे चारशे मुले एकाच सभागृहात बसवली होती. वीस मिनिटांचा लघुपट संपताच आमच्यातील एका उत्साही तरुणाने माइक घेऊन विचारले, "तुमच्यापैकी कोणावर असा प्रसंग आला आहे का? घाबरू नका, हात वर करा." सातवीतील एका मुलीचा हात अर्धा वर गेला आणि लगेच खाली आला, पण तेवढ्यात सभागृहातील माना तिच्याकडे वळल्या होत्या. त्यानंतर आभारप्रदर्शन झाले, पाहुण्यांना नारळ-शाल देण्यात आली आणि आम्ही पुढच्या शाळेकडे निघालो. चार दिवसांनी तेथील एका बाईंचा फोन आला की मुलगी शाळेत येत नाही आणि वर्गात तिच्याविषयी कुजबूज चालू आहे. तिच्या घरी जाणे, आईशी बोलणे, पुढची तक्रार हे सर्व त्या बाईंनीच निभावले. माइक हिसकावून घेण्याइतक्या अंतरावर मी उभा होतो आणि मी तो घेतला नाही, हे मला आजही खुपते.

तेव्हापासून मी एका वेळी एकाच वर्गाला लघुपट दाखवतो. नंतर सर्वांना कोरी चिठ्ठी देतो आणि लिहिण्यासारखे नसेल त्यानेही "काही नाही" असे लिहावे, असे सांगतो, म्हणजे कोण लिहीत आहे हे शेजाऱ्याला कळत नाही. त्यानंतर तासभर व्हरांड्यात थांबतो. "काही विचारायचे आहे का?" या प्रश्नाला मुले कधीच उत्तर देत नाहीत, ती वायर गुंडाळायला मदत करण्याच्या निमित्ताने येतात आणि गुंडाळता गुंडाळता बोलतात, म्हणून मी वायर फार सावकाश गुंडाळतो. एका दिवसात पाच शाळा उरकणाऱ्यांना हे परवडत नाही, आणि अशांनी हे काम करूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मूल बोलले तर काय करायचे, हे मुख्याध्यापकांशी आधीच ठरवून घ्यावे. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार अशी माहिती मिळालेल्या व्यक्तीने ती पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवणे बंधनकारक आहे आणि न कळवणे हा कलम २१ खाली गुन्हा आहे. "घरच्यांना बोलावून मिटवू" हा मार्ग उपलब्धच नाही. म्हणून मुलाला "मी कोणालाही सांगणार नाही" असे वचन देऊ नये. उलटतपासणी करू नये. मूल जे बोलेल ते त्याच्याच शब्दांत टिपून ठेवावे.

दुसरी चूक लघुपट तयार करणाऱ्यांची. महाविद्यालयीन मुलांचा एक गट "सत्य घटनेवर आधारित" लघुपट माझ्याकडे घेऊन आला. मुलीचा चेहरा धूसर केला होता, परंतु शाळेचा गणवेश, गावच्या मंदिराची कमान आणि आईचा खरा आवाज जसाच्या तसा होता. त्या गावातील कोणीही पहिल्याच मिनिटात ते घर ओळखले असते. पॉक्सोचे कलम २३ केवळ चेहऱ्याविषयी बोलत नाही. नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाचा तपशील, शाळा, परिसर अशी ओळख पटवणारी कोणतीही गोष्ट उघड करण्यास ते मनाई करते. "आईवडिलांची संमती आहे" असे ते म्हणाले, पण ही परवानगी विशेष न्यायालयच, तेही बालकाच्या हितासाठी, देऊ शकते. स्पर्धेची मुदत जवळ आल्यामुळे पुन्हा चित्रीकरण करण्याचा सल्ला त्यांना रुचला नाही. माझा नियम सोपा आहे : गाव, वय, नाते, ऋतू असे सारे बदलून कथा नव्याने लिहावी. बालकलाकाराकडून शोषणाचा प्रसंग अभिनित करून घेऊ नये; बंद दार आणि जिन्यावर राहिलेली चप्पल एवढ्यावर प्रेक्षकाला सर्व समजते.

आत्महत्येवरील लघुपटांचा शेवट हार घातलेल्या फोटोवर करण्याची आपल्याकडे खोड आहे. त्यातून, मेल्यावर तरी सर्वांना आपली किंमत कळेल, हाच अर्थ एखाद्या खचलेल्या मुलापर्यंत पोहोचतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये चित्रपटकर्त्यांसाठी काढलेल्या पुस्तिकेत पद्धत न दाखवण्याचा आणि एकाच कारणावर बोट न ठेवण्याचा सल्ला आहे. २०१७ च्या एका गाजलेल्या अमेरिकी मालिकेला आत्महत्येचा प्रसंग दोन वर्षांनी काढून टाकावा लागला. "दहावीत नापास झाला म्हणून" ही ओळ मी प्रत्येक पटकथेत खोडतो आणि मदत मागून सावरलेले एक तरी पात्र घालायला लावतो.

खलनायक दर वेळी चॉकलेट देणारा अनोळखी माणूसच दाखवू नये. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात सुमारे निम्म्या प्रकरणांत शोषण करणारी व्यक्ती ओळखीची आणि विश्वासातली होती.

पीडित नेहमी मुलगीच नसावी. १३ राज्यांतील १२,४४७ बालकांच्या त्याच पाहणीत लैंगिक शोषण सांगणाऱ्यांपैकी निम्म्याहून थोडे अधिक मुलगे होते.

पार्श्वभूमीला रडकी बासरी नको.

मदतीचे क्रमांक शेवटच्या श्रेयनामावलीत दोन सेकंद दाखवून काहीही साधत नाही. मुलांसाठी १०९८ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलि-मानस या सरकारी दूरध्वनी सेवेचा १४४१६ हे क्रमांक मी फळ्यावर लिहितो, सर्वांना वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घ्यायला लावतो आणि निघण्यापूर्वी फळा पुसू देत नाही.