ऑफिसची ख्रिसमस पार्टी, इंदुरी स्टाइल

सीक्रेट सँटाच्या (चिठ्ठीत ज्याचं नाव येईल त्याला गुपचूप गिफ्ट) चिठ्ठ्या आठवडाभर आधी काढा आणि गिफ्टची लिमिट २०० रुपये ठेवा, नाहीतर गेल्या वर्षी आमच्याकडे कोणाला स्पीकर न् कोणाला कीचेन, तोंडं बघण्यासारखी झाली होती.

खरी मजा शेव ओळखण्यात. डोळ्यांवर मफलर बांधा, लवंगाची, लसणाची, पालकाची, हिंगाची अशा चार वाट्या, चाखून नाव सांगायचं, मध्ये पाणी द्या बरं का, लवंगाच्या शेवेनंतर जीभ अशी चुरचुरते की पुढचं काही कळत नाही (अकाउंट्सचे काका नुसत्या वासावर ओळखतात, त्यांना शेवटी बसवा).

मग पाच मिनिटांत एकाला टिश्यू रोल गुंडाळून स्नोमॅन करा. अंताक्षरी नको, दरवेळी तीच चार माणसं गातात.

गराडू (तळलेल्या कंदाचे तुकडे) मात्र खेळ संपल्यावरच मागवा, वर जीरावन मसाला न् लिंबू, गार झाले की मजा जाते.